अबोला आणि आजार

आमच्या सांगलीच्या घरात राजकारण पानातच वाढलं जायचं. वडील समाजवादी, काका संघाचे आणि सुट्टीत येणारे मामा पक्के काँग्रेसवाले. गावभागातलं ते जुनं घर. माजघरात ओळीनं पाट मांडले जात आणि वरणभातापासून सुरू झालेला वाद ताकभातापर्यंत चाले. आवाज फारच चढले की आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "आमटी निवतेय रे. आधी जेवा, मग देश सांभाळा." मग दोन घास शांततेत जात आणि पुन्हा कुणीतरी नेहरूंचं नाव काढी.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. काका 'मिसा'खाली येरवड्याला गेले. वडिलांचेही बरेच स्नेही त्याच तुरुंगात होते. जन्मभर एकमेकांना शब्दांनी झोडपणारी माणसं एका आवारात येऊन पडली होती. आजीनं केलेल्या लाडवांचा डबा वडील घेऊन जात, त्यात काकांचा वाटा आणि समाजवादी मित्रांचा वाटा एकत्रच असे. मी तेव्हा कॉलेजात होतो. १९७७ च्या मार्चमध्ये जनता पक्षाच्या बूथवर वडील आणि काका एका टेबलाशी शेजारी शेजारी बसलेले पाहिले, तेव्हा आईनं दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती.

पण हे चित्र मी फार गोड रंगवणार नाही. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, दुहेरी सदस्यत्वाच्या वादावरून जनता पक्ष फुटला आणि आमचं माजघरही. वडील आणि काका आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. पाट तेच, पंगत तीच, फक्त दोघांच्या मध्ये आम्हा भावांपैकी कुणीतरी बसायचं. मात्र त्या अबोल्यातली एक गोष्ट मला आज, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, फार महत्त्वाची वाटते. काकांना दम्याचा त्रास होता. रात्री भिंतीपलीकडे त्यांचा खोकला वाढला की सकाळी वडील आईला सांगत, "त्याला अडुळशाचा काढा करून दे. रात्रभर झोपला नाही तो." दोघांमध्ये एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती, पण दुसरा रात्रभर जागा होता हे माहीत होतं.

मला आणि माझ्या थोरल्या भावाला ते माहीत राहिलं नाही, म्हणून हा लेख.

*

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाला, सांगलीतच राहिला. मी बँकेत लागलो, बदल्यांच्या गावांतून फिरलो आणि शेवटी पुण्यात स्थिरावलो. आमची मतं केव्हा वेगळी झाली ते नेमकं सांगता येणार नाही. २०१४ नंतर ती वेगळी आहेत हे दोघांनाही कळून चुकलं. कोण कोणत्या बाजूला, हे मी मुद्दामच सांगत नाही. वाचकांनी आम्हा दोघांना हव्या त्या बाजूला बसवावं, गोष्टीत फरक पडणार नाही.

२०१९ च्या लोकसभेला आम्ही विरुद्ध मतं दिली आणि ती एकमेकांना ऐकवलीही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला आणि गावभागातल्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर मी बारा दिवस तिथं होतो. फावड्यानं चिखल काढला, भांडी घासली, वडिलांची भिजलेली पुस्तकं गच्चीवर पानापानानं वाळवली. त्या बारा दिवसांत राजकारणाचा एक शब्द निघाला नाही. ठरवून नव्हे; सुचलाच नाही. संध्याकाळी दोघं भडंग खात पायरीवर बसायचो.

मग करोना आला, टाळेबंदी आली, आणि आमचं कुटुंब व्हॉट्सअ‍ॅपवर राहायला गेलं. त्रेचाळीस माणसांचा गट. भाचे अमेरिकेत, पुतण्या बंगळुरूला, आत्या नाशिकला. वाढदिवस, गणपतीचे फोटो, आणि या सगळ्यांत मधे मधे दादाचे लांबलचक राजकीय मजकूर. मी आधी दुर्लक्ष केलं, मग खासगीत उत्तरं दिली, मग सर्वांसमक्ष. २०२४ च्या एप्रिलमध्ये, निवडणूक ऐन रंगात असताना, दादानं इतिहासातल्या एका प्रसंगाविषयी काहीतरी पाठवलं. ते साफ चुकीचं होतं. मी पुराव्यानिशी खोडलं आणि वर एक वाक्य लिहिलं, "इतिहासाच्या शिक्षकानं हे पाठवावं? तुझ्या विद्यार्थ्यांची कीव येते."

त्या वाक्याला अकरा जणांनी अंगठे दाखवून दाद दिली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पाच मिनिटांत दादा गटातून बाहेर पडला.

त्यानं फोन केला नाही. मीही केला नाही. सांगलीचं मतदान ७ मे रोजी झालं, पुण्याचं १३ मे रोजी, ४ जूनला निकाल लागले. सप्टेंबरात गौरी-गणपती आले. गेल्या चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी सांगलीला गेलो नाही. पत्नीनं विचारलं तेव्हा म्हणालो, "त्याचा राग उतरू दे." आपला राग आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या अंगावर दिसतो.

*

दसरा झाल्यावर वहिनींचा फोन आला. "भावजी, एकदा येऊन जा. हे पेपर उघडत नाहीत."

ज्यांनी दादाला पाहिलेलं नाही त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. चाळीस वर्षं तो वर्तमानपत्र तांबड्या शाईचं पेन हातात घेऊन वाचत आला. चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ दिसला की गोल, चुकीचा सनावळीचा आकडा दिसला की दोन गोल. मी दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून एस.टी. पकडली.

कोपऱ्यात वर्तमानपत्रांची चवड होती, घडीही न मोडलेली. दादाचं नऊ किलो वजन उतरलं होतं. दाढी वाढलेली, नखं वाढलेली. आंघोळीला वहिनींनी चार वेळा म्हणावं तेव्हा उठायचा. मला पाहून म्हणाला, "आलास? बस." बराच वेळ तो खिडकीकडे पाहत होता. मी माफी मागायची म्हणून पाच तास वाक्यं जुळवत आलो होतो, पण त्याआधी तोच बोलला.

"तुझं बरोबर होतं. मी पोरांना चुकीचंच शिकवलं. छत्तीस वर्षं."

मी केवळ वाद जिंकायला फेकलेलं वाक्य त्यानं सहा महिने न्यायालयाच्या निकालासारखं उराशी धरलं होतं. त्यावर अपील नाही, मुदत नाही. मी म्हणालो, अरे, रागात लिहून गेलो. तो म्हणाला, "रागातच माणूस खरं बोलतो." त्याच्या आवाजात माझ्याविषयी राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता.

*

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. तिथल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे आम्ही त्याला नेलं. त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. थायरॉईडचं काम मंदावलं किंवा बी-१२ कमी झालं तरी उतारवयात माणूस असाच सुस्त आणि उदास होऊ शकतो, ते आधी पाहावं लागतं. मग दादाशी तासभर बोलले. झोप, भूक, वजन, एकाग्रता, कशातही रस न वाटणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, अवास्तव अपराधीपणा. ही लक्षणं दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज राहिली तर त्याला मनाची नुसती मरगळ म्हणत नाहीत, तो आजार असतो. मग त्यांनी अगदी सरळ विचारलं, "सकाळी जाग येऊच नये असं वाटतं का? जीवाचं काही करावं असं मनात येतं का?" दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "जाग येऊ नये असं वाटतं." वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला डॉक्टरांचा राग आला, असलं विचारून त्याच्या डोक्यात कशाला घालायचं? नंतर त्यांनी समजावलं की विचारल्यानं तो विचार रुजत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं माणूस पहिल्यांदा खाली ठेवतो. ज्यांना काळजी वाटते त्यांनी विचारायलाच हवं.

शेवटी मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, "डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही, वहिनींना आत बोलावून प्रश्न केला, "यांची झोप केव्हा गेली?" वहिनी म्हणाल्या, संक्रांतीनंतर. म्हणजे जानेवारीत. आमचं भांडण झालं एप्रिलमध्ये.

मी खिशातून मोबाईल काढला आणि दादाचे जुने मजकूर उघडले. आदल्या वर्षीचे रात्री नऊचे, सकाळी आठचे. फेब्रुवारीपासूनचे पहाटे तीन दहा, तीन चाळीस, चार पाच. एकेका रात्रीत सहा सहा. मी ते सगळे वाचले होते, उत्तरं दिली होती, त्यांतल्या चुका मोजल्या होत्या. वेळ पाहिली नव्हती. मी सदतीस वर्षं बँकेत काढली. चेक हातात आला की रक्कम आणि सही यांच्या आधी तारीख पाहायची, हे नव्या कारकुनांना मीच शिकवत आलो. आणि माझा सख्खा भाऊ रात्रीमागून रात्र जागा आहे हे मजकुराच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं असूनही मला दिसलं नाही. आमच्या मधे भिंत असती तर खोकला ऐकू आला असता.

डॉक्टर म्हणाले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. नैराश्याचं कारण सहसा एक नसतं. शरीरातली रसायनं, आनुवंशिकता, वय, एकटेपण, आयुष्यातले आघात असे अनेक धागे त्यात असतात. राजकीय वादानं धडधाकट माणसाला हा आजार जडतो असं कुणी म्हणू नये. पण वाद आणि आजार एकमेकांत तीन प्रकारे गुंततात. पहिला प्रकार म्हणजे चिडचिड हेच कित्येकदा आजाराचं तोंड असतं, विशेषतः पुरुषांत. माणूस रडत नाही, भांडतो. घरच्यांना वाटतं हा कडवा झाला. खरं तर तो आजारी पडत असतो. दुसरा प्रकार, आजारी मन टीकेतून मुद्दा उचलत नाही, फक्त शिक्षा उचलते. 'तुझं हे विधान चूक आहे' हे त्याला 'तू चूक आहेस' असं ऐकू येतं आणि ते रात्रंदिवस त्याचाच रवंथ करतं. आणि तिसरा, वादामुळे माणसं तुटतात, नेमकी तीच, ज्यांच्या लक्षात आजार आधी आला असता.

हा तिसरा मुद्दा मी वहिनींशी बोलून पडताळून पाहिला. दादाचा नदीकाठी सकाळी फिरायला जाणाऱ्या पाच जणांचा कंपू होता. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. वर पक्ष फुटले आणि भेगा खाली कट्ट्यापर्यंत आल्या. खरी सेना कुणाची यावरून दोघं यायचे थांबले. तिसरा मुलाकडे मुंबईला गेला. चौथ्याशी दादाचंच बिनसलं. २०२३ ची दिवाळी संपेपर्यंत दादा आयर्विन पुलापर्यंत एकटा जाऊन एकटा परत येऊ लागला होता आणि थंडी वाढल्यावर तेही थांबलं. मग त्याच्यापाशी उरला तो मोबाईल, आणि त्यात मी.

*

आमच्या आधीच्या पिढ्या काही शांत नव्हत्या. ज्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये एकत्र १०१ दिवस काढले त्या टिळक-आगरकरांची ताटातूट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. मतभेद विकोपाला गेल्यावर ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. दोन मित्र आपापल्या पत्रांतून एकमेकांवर तुटून पडत राहिले. पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशीच्या आत, दम्यानं पोखरलेले आगरकर गेले आणि 'केसरी'त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. हा इतिहास दादानंच मला शिकवला. पूर्वी मला त्यात दोघांची तत्त्वनिष्ठा दिसायची, आजही दिसते. पण आता दुसरंही काही दिसतं. मृत्युलेख कितीही मनापासून लिहिलेला असो, ज्याच्यावर लिहिला तो तो वाचू शकत नाही.

मग मतं सोडून द्यायची का? मुळीच नाही. मतं नसलेल्या घराची मला भीतीच वाटेल. पण आमच्या माजघरात 'तुझं चुकतंय' असं म्हणत, आणि आता आपण 'तू असा निघालास' असं म्हणू लागलो आहोत. पहिल्या वाक्याला उत्तर देता येतं. दुसऱ्या वाक्यापुढे माणसाला एक तर तुटून जावं लागतं, नाही तर ते खरं मानावं लागतं. दादानं ते खरं मानलं.

दुसरंही एक आहे. माजघरातला वाद जेवणाबरोबर संपायचा, कारण काकांना सकाळी सायकलला हवा भरायला वडिलांचाच पंप लागायचा. आजच्या वादाला पंप नाही, पंगत नाही, आमटी निवतेय म्हणणारी आजी नाही. त्रेचाळीस माणसं बघत असतात आणि लिहिलेलं तिथंच राहतं. पहाटे तीनला उठून माणूस ते पुन्हा वाचू शकतो. दादा वाचत होता. वहिनींनी सांगितलं, गट सोडण्याआधी त्यानं माझं वाक्य वहीत उतरवून ठेवलं होतं.

*

औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले दोन-तीन आठवडे फारसा फरक दिसणार नाही, धीर सोडू नका. आणि बरं वाटू लागलं की आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका, त्या पुढे कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. त्याला एकटं ठेवायचं नाही, गोळ्या वहिनींच्या ताब्यात ठेवायच्या, असंही सांगितलं. गोळ्यांसोबत समुपदेशनाच्या बैठका होत्या. त्यात दादाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावत. घटना लिहायची, तिच्यावरून आपण स्वतःला काय सांगितलं ते लिहायचं, आणि ते कितपत खरं आहे याचा पुरावा मागायचा. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या मध्यावर मांडलेल्या विचाराशी जुळणारी ही वाट. इतिहासाच्या शिक्षकाला पुरावा मागायला शिकवावं लागावं, यावर दादा बऱ्याच दिवसांनी किंचित हसला.

मी पंधरा दिवस राहिलो. डॉक्टरांनी मला दोन पथ्यं दिली होती. त्याच्या निराशेशी वाद घालायचा नाही; 'असं काय करतोस, सगळं छान तर आहे' हे वाक्य बंद. आणि राजकारण तूर्त बंद, पण बोलणं बंद नाही. पुण्याला परतल्यावर मी रोज सकाळी सात वाजता फोन करू लागलो. विषय काय? झोप कशी झाली, पाणी आलं का, हळदीला भाव काय आहे. आधी तो 'हं' म्हणायचा. सोळाव्या दिवशी त्यानं विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे?" मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला ते सांगितलं.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पैसे तिथंच असतात, पण काढता येत नाहीत. ते पुन्हा सुरू करायला मोठी रक्कम लागत नाही, खातेदारानं स्वतः येऊन एक लहानसा व्यवहार करावा लागतो. सकाळी सातचा फोन हा आमचा तसा व्यवहार होता.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. दादाचं केंद्र त्याच्याच शाळेत. जायला तयार नव्हता, वहिनींनी धरून नेलं. रांगेत पुढे उभा असलेला एक चाळिशीतला गृहस्थ मागे आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्यामुळे मी इतिहास घेऊन पदवीधर झालो. आता मीही शिकवतो." वहिनी सांगतात, दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. घरी आल्यावर वही मागून घेतली, माझ्या वाक्याखाली त्या विद्यार्थ्याचं नाव लिहिलं आणि पुढं कंसात लिहिलं, 'पुरावा'. मत कुणाला दिलं ते मी विचारलेलं नाही.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. तिथं मराठीतूनही बोलता येतं. आणि त्याआधी एक काम सगळ्यांनाच करता येईल. ज्या नातेवाइकाच्या मजकुरांनी तुमचं डोकं फिरतं, त्याच्या मजकुराची वेळ आज एकदा पाहा.

*

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी पावणेसातला माझाच फोन वाजला. दादा होता. "तुझ्या त्या आवडत्या पेपरातला अग्रलेख वाचलास? दोन चुका आहेत. एक व्याकरणाची, एक अकलेची." मी म्हणालो, व्याकरणाची मान्य, दुसरी मान्य नाही. तो म्हणाला, "तुला कशी मान्य होईल!" आणि पुढची वीस मिनिटं आम्ही कडाडून भांडलो. मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, चहा निवतोय." तेव्हापासून आमचा रविवारचा अर्धा तास राजकारणाला राखून ठेवलेला आहे. तोंडी बोलायचं, लिहायचं नाही, आणि तिसऱ्याला ऐकवायचं नाही, एवढेच नियम. कुटुंबाच्या गटावर तो परत आलेला नाही. मीही बाहेर पडलो.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला पाठवला. त्याचं आजारपण, त्याची परवानगी. आठवड्यानं टपालानं परत आला. तांबड्या शाईत सात दुरुस्त्या होत्या, सातही मी केल्या आहेत. शेवटच्या पानावर समासात लिहिलं होतं, 'तपशील बरोबर. मतं चूक. छापायला हरकत नाही.'